उभ्या गाडीची बॅटरी

उभ्या गाडीची बॅटरी बसते. आयुष्यभर केलेल्या धंद्याचं माझं सगळं ज्ञान या एका वाक्यात मावतं. गाडी उभी राहिली की तिच्या पोटातलं काहीतरी बसतं, ही गंमत आपल्या भाषेनंच करून ठेवली आहे. माणसाचंही असंच असतं, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. माणसं बसली तरी चांगली टिकतात. माझ्याकडं बघा.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून नातीचा फोन आला. महिनाभर परगावी होती, परत आली तर गाडी ढिम्म. "आजी, गाडी नुसती उभी होती गं. वापरलीच नाही, मग बॅटरी संपली कशी?" हा प्रश्न मला निदान हजार माणसांनी विचारला असेल. प्रत्येकाचा चेहरा असाच दुखावलेला असायचा, जणू बॅटरीनं विश्वासघात केला. नातीला मी उपाय सांगितला, पण फोन ठेवल्यावर मला कळंबजवळच्या वस्तीवरची ती जीप आठवली. तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

आमचं दुकान बारामतीत, इंदापूर रस्त्याला होतं. पत्र्याची एक खोली, भिंतीला लाकडी फळ्या, फळ्यांवर बॅटऱ्या, आणि घशाशी येणारा आंबट वास. बॅटऱ्या चार्ज करून देण्याचा धंदा मुळात आमच्या ह्यांचा. नव्वदच्या सुरुवातीला ट्रॅक्टरची बॅटरी उचलताना ह्यांच्या पाठीत कट्कन् आवाज झाला आणि ते जागीच बसले. डॉक्टरांनी जड उचलायला बंदी केली. आमच्या दुकानात जड सोडून दुसरं काहीच नव्हतं. मग ते खुर्चीत बसून सांगायचे आणि मी उचलायची. थोड्याच दिवसांत मला वाटायला लागलं की ह्यांच्यापेक्षा मलाच जास्त कळतं. त्या वयात मला पुष्कळ गोष्टी वाटायच्या.

गिऱ्हाईक दारात येऊन विचारायचं, "मालक कुठंयत?"

"ते काय खुर्चीत. पण ते नुसते मालक आहेत. काम असेल तर माझ्याकडं या."

ज्यांनी बॅटरी कधी उघडून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. डब्यात शिशाच्या प्लेटा असतात आणि त्या बुडतील इतकं ॲसिडचं पाणी. गाडी पळते तेव्हा इंजिन बॅटरी भरत राहतं. गाडी उभी राहिली की भरणारं कुणी नसतं, आणि बॅटरी तर मातीच्या रांजणासारखी, कुणी प्यायलं नाही तरी झिरपते. त्यातून एखादा दिवा, एखादी वायर चोरून पीत असली तर लवकरच तळ दिसतो. रिकामी बॅटरी तशीच राहू दिली की प्लेटांवर पांढरा थर धरतो. मग ती कितीही भरा, तिच्या पोटात ठरत नाही. म्हणून गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर बॅटरीची मायनसची वायर सोडवून ठेवायची, आणि अधूनमधून बॅटरी हळूहळू भरून घ्यायची. त्याहून चांगलं म्हणजे आठवड्यातून एकदा गाडी चांगली लांबवर फिरवून आणायची. जागच्या जागी सुरू करून बंद करणं उलट वाईट. सुरू करायला जेवढं जातं तेवढंही परत मिळत नाही.

हे सगळं मी गिऱ्हाइकांना ऐकवायची आणि गिऱ्हाइकं घरी जाऊन आपल्या मनासारखं करायची. कारखान्याचा हंगाम संपला की तालुक्यातले उसाचे ट्रॅक्टर उभे राहत. खंडेनवमीच्या पूजेला ते सुरू व्हायला हवेत, म्हणून आदल्या आठवड्यात आमच्या दारात बॅटऱ्यांची रांग लागे. पणदऱ्याचे एक दूधवाले आबा होते. त्यांची बॅटरी उघडली तर प्लेटा गळून खाली चिखल झालेला. आबांना विचारलं, हिच्यात काय ओतलं होतं?

"सलाईन," आबा म्हणाले.

"काय?"

"सासूला दवाखान्यात लावलं, ती दुसऱ्या दिवशी उठून बसली. अर्धी बाटली उरली व्हती. म्हनलं, ही बी बसलीया, उठंल."

बॅटरीत मीठ गेलं की संपलं. मी आबांना ते समजावून सांगत होते, तेवढ्यात खुर्चीतून ह्यांनी विचारलं, "सासूबाई कशा आहेत?" "ती झ्याक हाय," आबा म्हणाले, पण त्यात फारसा आनंद नव्हता.

अंगावरच्या साड्यांचं तर विचारू नका. ॲसिडचा थेंब उडाला तर दिसत नाही, धुतल्यावर भोक दिसतं. एका लग्नात जाऊबाईंनी माझ्या पदराच्या भोकात बोट घालून पाहिलं. मी म्हटलं, नवीन फॅशन आहे. पुढच्या वेळी आणखी एकीनं तशीच साडी कुठं मिळते म्हणून विचारलं. असो. आता जीपकडं येते.

कळंबच्या पुढं एका वस्तीवर नाना नावाचे एक शेतकरी होते. त्या वस्तीवरचं चार चाकांचं पहिलं वाहन म्हणजे त्यांची जीप. बाळंतीण असो की साप चावलेला, नाना मध्यरात्रीही जीप काढायचे. बॅटरी आमच्याच दुकानातून घेतलेली. दर पावसाळ्याआधी स्वतः घेऊन यायचे, टर्मिनलवरचा पांढरा चुना स्वतःच्या हातानं गरम पाण्यानं धुवायचे आणि मला म्हणायचे, "बाई, हिला माझ्यासारखी ठेवा, बोलती कमी आन चालती जास्त."

एका भाद्रपदात नानांच्याच छातीत कळ आली. त्यांच्या धाकट्या भावानं, तात्यांनी, त्यांना जीपमध्ये घालून बारामतीच्या दवाखान्यात आणलं. परत जाताना नाना दुसऱ्या गाडीतून गेले आणि जीप मागून रिकामी गेली.

दिवाळीनंतर तात्या दुकानात आले. "काकू, नानाची जीप बसली. वहिनीनं बोलीवलंय."

वस्तीवर गेले तर जीप अंगणात, गोठ्याच्या कडेला, तुळशीकडं पाठ आणि रस्त्याकडं तोंड करून उभी. नानांच्या मंडळी मालनवहिनी ओसरीवर बसल्या होत्या. त्यांची एकुलती एक मुलगी रेखा चहा घेऊन आली. मी बॅटरीत नळी घातली. काचेची नळी, वर रबरी फुगा आणि आत एक काटा तरंगतो. काटा हिरव्यावर तरंगला तर बॅटरी भरलेली, लालवर बुडाला तर बसलेली. काटा पार बुडाला होता.

"सोपं आहे," मी म्हटलं. "भरून देते. आठवड्यातून एकदा तात्यांना कारखान्यापर्यंत चक्कर मारायला सांगा."

"चाक हलायचं न्हाय," मालनवहिनी म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. रेखाचं लग्न नानांनीच इंदापूरकडच्या मुलाशी ठरवलेलं. बाप गेला की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, हा आपल्याकडचा रिवाज. म्हणून वैशाखातली तारीख धरली होती. "त्यांनी पोरीला शबुद दिला व्हता, तुला माझ्या जीपमदनं लावून देईन म्हनून. ते आत्ता न्हाईत, जीप हाय. चाक हलंल ते तिच्यासाठी हलंल, आदी न्हाय."

"बरं," मी म्हटलं.

"आन आजून एक. त्या दिवशी धक्का मारायला लागला न्हाय पायजे. बाप न्हाय म्हनून पोरगी घायघाय ढकलून दिली, आसं लोक आत्ताच म्हनत्यात. दारातनं ढकलगाडीत गेली तर जलमभर म्हनतील."

माझ्या धंद्यात धक्का मारणं म्हणजे रोजचं. गाडी सुरू होत नाही, चार जण ढकलतात, सुरू होते, सगळे हसतात. पण मुलीला 'ढकलली' याचा अर्थ काय होतो ते मलाही ठाऊक होतं. मी छातीला हात लावून म्हटलं, "वहिनी, धक्का लागणार नाही. माझा शब्द."

कोण मागत होतं शब्द? पण मी तेव्हा बारामती-इंदापूरची बॅटरीवाली काकू होते. शब्द उसासारखा उभा होता माझ्याकडं.

बॅटरी भरून आणून बसवली. मायनसची वायर सोडवून ठेवली, वहिनींना दाखवली. "ही जोडायची नाही. अशी राहिली तर महिना-दोन महिने काळजी नाही." त्यांनी मान हलवली.

महिन्याभरानं गेले तर काटा लालवर.

मी सुटी बॅटरी एसटीतून न्यायची. त्याचीही एक लढाई. कंडक्टर पिशवीला पाय लावून विचारायचा, "मावशी, यात काय?"

"पाटा."

"आन वरवंटा?"

"तो घरी खुर्चीत बसलाय."

पुन्हा भरली, पुन्हा बसवली, पुन्हा बसली. मी आधी गाडीच्या वायरिंगला दोष दिला, सगळ्या वायरा तपासल्या. मग सोडवलेली वायर बॅटरीच्या डब्याला टेकवून तिच्यावरून खळीनं कागदाची पट्टी चिकटवून आले. पुढच्या वेळी पट्टी फाटलेली. म्हणजे कुणीतरी वायर जोडत होतं. मला इतका आनंद झाला की विचारू नका. मी कंबरेला पदर खोचून सगळ्यांसमोर तात्यांकडं वळले.

"तात्या, खरं सांगा. जीपमध्ये बसून रेडिओ ऐकता ना?"

तात्या शांतपणे म्हणाले, "काकू, जीपला रेडिओ कुठं हाय?"

मी वाकून आत पाहिलं. खरंच नव्हता. इतक्या वेळा त्या जीपमध्ये डोकं घालूनही मला ते दिसलं नव्हतं.

या फौजदारीत माझी एसटी चुकली. रेखा म्हणाली, "काकू, आता शेवटची गाडी दिवे लागल्यावर हाय. बसा." मी ओसरीवर बसले. उन्हं उतरली, गुरं आली, गोठ्यात धूर झाला. मालनवहिनींनी देवापाशी दिवा लावला, मग तुळशीपाशी. मग हातात पाना घेऊन त्या जीपकडं गेल्या. बॉनेट उघडलं, वायर जोडली, आत हात घालून खटका ओढला. जीपचे छोटे दिवे लागले. तुळशीला हात जोडतात तसे त्यांनी हात जोडले आणि ओसरीच्या पायरीवर बसल्या. तुळशीचा दिवा विझेपर्यंत बसल्या. मग खटका बंद, वायर सोडवली, बॉनेट लावलं. वायर सोडवली तीही मी शिकवल्याप्रमाणे, अगदी व्यवस्थित.

मला पाहून त्या दचकल्या नाहीत. "दिवेलागनीला ते यायचं," एवढंच म्हणाल्या. "वळनावर दिवं दिसलं की मी च्या ठिवायची. आता घरात दिवा लागतोय, तुळशीपाशी लागतोय, आन हिचं डोळं मिटल्यालं. कसं दिसतं ते?"

रेखा मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. "मला ठावं व्हतं, काकू. सांगितलं न्हाय. सांगितलं आस्तं तर तुमी बंद करायला लावलं आस्तं."

"अगं, पण तुझ्या लग्नात गाडी सुरू व्हायला नको?"

"ढकलली तर ढकलली. मी तर जानारच हाय. आई हितं ऱ्हाणार हाय."

एसटीत मी पहिल्यांदाच कंडक्टरशी भांडले नाही.

घरी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "एका बॅटरीकडून दोन कामं कशाला? दिव्यापुरती जुनी दे." आमच्याकडं ट्रॅक्टरची एक म्हातारी बॅटरी होती. इंजिन सुरू करायची ताकद तिच्यात नव्हती, पण छोटे दिवे तिनं पेलले असते. ती जीपमध्ये बसवायची आणि नानांची बॅटरी लग्नापर्यंत दुकानात फळीवर ठेवायची, असं ठरलं. मालनवहिनी तयार होईनात. "हिचं काळीज काढून न्हेता व्हय?" तात्यांनी समजावलं. शेवटी म्हणाल्या, "न्ह्या. पर त्या दिवशी हीच बसवायची. त्यांनी घेतल्याली."

नानांची बॅटरी मी किती जपली म्हणून सांगू. हळू भरली, पाणी पाहिलं, पुन्हा भरली. पण इतक्या वेळा रिकामी झाल्यानं प्लेटा पांढऱ्या पडत चालल्या होत्या. लग्नाच्या सकाळी काटा हिरव्यावर होता. तरी हे म्हणाले, "एक नवी बॅटरी बरोबर ने. नाहीतर जोडायच्या वायरी तरी." मी फणकाऱ्यानं म्हटलं, "माझ्या चार्जिंगवर विश्वास नाही वाटतं." आणि पिशवीत नव्या बॅटरीच्या जागी मोत्यांची माळ आणि बिनभोकाची साडी घातली.

वस्तीवर पोचताच आधी काम केलं. म्हातारी बॅटरी काढून पाणीवाल्याच्या टेंपोतून दुकानाकडं परत पाठवली, नानांची बसवली, वायर जोडली. तात्यांनी किल्ली फिरवली, जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली. मांडवातली माणसं वळून बघायला लागली. मी साडी बदलायला आत गेले. वहिनींना 'आज दिवे लावू नका' म्हणून सांगायला हवं होतं. मनात आलंही. पण पोरीच्या लग्नाच्या गडबडीत कोण दिवे लावतंय, असं मला वाटलं.

मुहूर्त गोरज होता. गुरं घरी यायच्या वेळी अक्षता पडल्या. मग पंगती, मग फोटो, मग सुनमुख. मांडवाच्या कनातीमुळं जीप आतून दिसत नव्हती. वऱ्हाडाचे दोन टेंपो म्हाताऱ्या माणसांना घेऊन पुढं निघून गेले. पाठवणीसाठी सगळे कनातीच्या पलीकडं आलो.

जीपचे दिवे लागलेले होते. आज छोटे नव्हते, मोठे. लेकीचं लग्न म्हणून मालनवहिनींनी दिवेलागणीला मोठे दिवे लावले होते, आणि ते आता विझत आलेल्या निखाऱ्यासारखे लाल झाले होते.

रेखा आणि नवरदेव मागं बसले, करवली बसली. तात्या नानांच्या जागेवर बसले. किल्ली फिरवली. टक् झालं. पुन्हा टक्. मग तेही नाही.

नवऱ्याकडची दोन-तीन तरणी पोरं शर्टाच्या बाह्या सारत पुढं आली, त्यांच्या दृष्टीनं त्यात काहीच नव्हतं. "चला रं, ढकला," त्यांच्यातला एक म्हणाला. ती जीपच्या मागं गेली. मागं कुठंतरी एक बाई दुसरीला म्हणाली, "शेवटी ढकलूनच द्यायाची येळ आली." हळूच म्हणाली होती, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

मी मालनवहिनींकडं बघू शकत नव्हते. रेखा आतून म्हणाली, "आई, ऱ्हाऊ दे. ढकलू दे."

मालनवहिनी जीपच्या मागं गेल्या. त्यांनी पोरांचे हात गाडीवरून काढले. "माझी लेक दारातनं ढकलायची न्हाय."

"मग मावशी, गाडी सुरू हुयाची कशी?"

वहिनी वळसा घालून पुढं आल्या. रस्त्याकडं पाठ केली आणि दोन्ही हात बॉनेटवर ठेवले. "ढकलायचीच आसंल तर घराकडं ढकला," त्या म्हणाल्या.

मी जवळ जाऊन म्हटलं, "वहिनी, असं नसतं. गाडी मागं ढकलून..." आणि मध्येच थांबले. आतून तात्याही माझ्याकडंच बघत होते. बॅटरीत इतकी वर्षं घालवून मला हे सुचलं नव्हतं, आणि वहिनींनाही ते गाडी सुरू करायची युक्ती म्हणून सुचलं नव्हतं. गाडी पुढं ढकलून सुरू होते तशी मागं ढकलूनही होते. गियर तेवढा उलटा टाकायचा.

"तात्या," मी म्हटलं, "रिव्हर्स टाका."

आता पुढं आली ती आमची माणसं. वस्तीवरच्या बाया आल्या, भाऊबंद आले, नानांनी ज्यांना मध्यरात्री दवाखान्यात नेलं होतं ते आले. बॉनेटला हात लावायला जागा उरेना. मीही मोत्याच्या माळेसकट त्यात शिरले. नवऱ्याकडची पोरं बाजूला उभी राहून बघत होती. आम्ही सगळ्यांनी मिळून ती जीप रेखासकट मागं, घराकडं, तुळशीकडं लोटली.

चाकं वळली. भाद्रपदापासून पहिल्यांदा. तात्यांनी क्लच सोडला, जीपनं एक गचका दिला, दुसरा दिला, आणि इंजिन धडधडायला लागलं.

इंजिन सुरू झालं की बॅटरी भरायला लागते, हे मी वर सांगितलंच आहे. पण ते मी नळीतल्या काट्यावर पाहिलेलं. त्या संध्याकाळी ते मालनवहिनींच्या तोंडावर पाहिलं. त्यांचे हात बॉनेटवर तसेच होते, समोर दोन्ही दिवे. आधी लाल, मग पिवळे, आणि तात्यांनी रेस वाढवली तसा पांढरा उजेड त्यांच्या पोटावरून, गळ्यावरून चेहऱ्यावर चढत गेला. त्यांनी डोळे मिटले नाहीत. थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, मग हात काढले आणि बाजूला होऊन गाडीला वाट दिली.